रिसीव्हर दुरुस्त होऊन येतो आणि परत तसाच वागतो : बोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही, सेट टॉप बॉक्स यांचा आवाज घेऊन स्पीकरांना पुरवणारा ॲम्प्लिफायर, सर्व्हिस सेंटरमधून घरी येतो, काही आठवडे छान वाजतो आणि मग ऐन सिनेमात 'टक्' आवाज करून गप्प होतो. पुढचा दिवा लुकलुकत राहतो. रिमोट दाबा, बटण दाबा, काही होत नाही. पन्नास-साठ हजारांची, कधी लाखाच्या घरात गेलेली वस्तू अशी वागली की संताप येतोच, आणि तो रास्त आहे. एवढ्या किमतीचं यंत्र दहा वर्षं बिनतक्रार चाललं पाहिजे.

मी नेरुळला राहतो. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच घरांत रिसीव्हर जोडून दिलेत, त्यामुळे बिघडले की हाकही मलाच येते. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. तोच बिघाड दुसऱ्यांदा आला, तर पहिल्या वेळी पार्ट बदलला गेला पण तो का गेला हे कुणी विचारलं नाही, असंच बहुतेक वेळा निघतं. काही मॉडेलांची रचनाच कमकुवत असते, नाही असं नाही. पण दोष यंत्रात आहे की आपल्या भिंतीत, विजेत, टीव्ही युनिटमध्ये, हे वेगळं काढल्याशिवाय तिसऱ्यांदा पैसे घालू नयेत.

पहिलं काम म्हणजे एक वही. रिसीव्हर बंद पडला की लगेच लिहायचं: किती वाजता, चालू करून किती वेळ झाला होता, काय लावलं होतं, आवाज किती होता, बाहेर पाऊस होता का, एसी किंवा सोसायटीचा पाण्याचा पंप नुकताच सुरू झाला होता का. पाच-सहा नोंदी झाल्या की आकार दिसायला लागतो. नेहमी अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडत असेल तर उष्णतेकडे बघा. आवाज वाढवल्यावरच पडत असेल तर वायर आणि स्पीकर. वेळेचा, आवाजाचा काहीच संबंध नसेल तर वीज. आणि रिसीव्हर चालू आहे पण आवाज किंवा चित्रच येत-जात असेल तर तो एचडीएमआयचा वेगळा संसार आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

'टक्' करून बंद पडणं

हा 'टक्' आवाज रिलेचा. रिसीव्हरच्या आत एक संरक्षक सर्किट असतं. आउटपुटवर डीसी व्होल्टेज आलं, जास्त करंट ओढला गेला किंवा तापमान मर्यादेपलीकडे गेलं की ते रिले उघडून स्पीकर तोडतं. यालाच प्रोटेक्शन मोड म्हणतात. म्हणजे यंत्राने स्वतःला आणि तुमच्या स्पीकरांना वाचवलेलं असतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून बघणं अगदी टाळा. आतला आउटपुट ट्रान्झिस्टर अर्धामुर्धा गेला असेल तर तो त्यात पुरता जातो.

प्लग भिंतीतून काढा. पाच-दहा मिनिटं थांबा. मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा, एकही ठेवू नका. एचडीएमआयच्या केबलही काढा. आता फक्त पॉवर देऊन चालू करा. तरीही प्रोटेक्शनमध्ये गेला तर दोष आतच आहे, दुरुस्तीशिवाय इलाज नाही. नीट चालू राहिला तर एक-एक स्पीकर जोडत जा, आणि प्रत्येक वेळी रिसीव्हर बंद करून, प्लग काढूनच जोडा. ज्या वायरीला तो पडेल ती वायर किंवा तो स्पीकर गुन्हेगार.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हा गुन्हेगार बऱ्याचदा छतात सापडतो. इंटिरियरचं काम करणारे मागच्या स्पीकरांच्या वायरी पीओपीच्या वरून नेतात, लांबी कमी पडली की पिळून जोड देतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. घोडबंदर रोडला माझ्या मावसभावाकडे नेमकं हेच झालं होतं. त्याच्या रिसीव्हरचा मेन बोर्ड एकदा बदलून झाला होता आणि परत तोच प्रकार सुरू. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर मात्र तो दिवसभर व्यवस्थित वाजायचा. छतात उन्हाळ्याच्या उकाड्याने टेपचा गोंद सुटून टेप सरकली होती, दोन्ही तारा उघड्या पडल्या होत्या, आणि आवाज वाढला की थरथरीने एकमेकींना चिकटायच्या. मागच्या डाव्या स्पीकरची वायर काढून ठेवल्यावर रिसीव्हर एकदाही पडला नाही, तेव्हा कुठे छत उघडायला वहिनी तयार झाल्या. जोड नीट सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवली. तो रिसीव्हर अजून चालू आहे.

साधा डिजिटल मल्टिमीटर इथे फार उपयोगी पडतो. स्पीकरची वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि त्या टोकाच्या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. शून्याच्या आसपास आकडा आला तर शॉर्ट आहे. आकडाच आला नाही तर वायर तुटली आहे किंवा स्पीकरची कॉइल गेली आहे. मोजताना कुणाला तरी वायर जिथे वळते, भिंतीत शिरते, तिथे जरा हलवायला सांगा. आकडा नाचला तर जागा सापडली. रिसीव्हरच्या मागच्या टर्मिनलपाशीही नजर टाका. पिळलेल्या वायरीतला केसाएवढा एक तंतू शेजारच्या टर्मिनलला लागला तरी हाच परिणाम होतो. वायरींच्या टोकांना बनाना प्लग (टर्मिनलमध्ये खोचायच्या पिना) लावले की हा त्रास कायमचा संपतो, खर्चही फार नाही.

आणखी एक गोष्ट. ४ ओहमचे स्पीकर ६ किंवा ८ ओहमसाठी बनवलेल्या रिसीव्हरवर चढवले तर हळू आवाजात काही कळत नाही, पण मोठ्या आवाजात करंट जवळजवळ दुप्पट होतो. जुने मोठे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडताना दोघांच्या मागचे आकडे वाचा.

उष्णता

सात चॅनेलचा रिसीव्हर नुसता चालू ठेवला, काही वाजवलं नाही, तरी तो बऱ्यापैकी वीज खातो आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर येते. आपण मात्र त्याला टीव्ही युनिटच्या खणात, काचेच्या दारामागे बसवतो आणि वर सेट टॉप बॉक्स ठेवतो. मे महिन्यात हॉलमध्ये ३४-३५ अंश असतात, म्हणजे त्या खणाची सुरुवातच तिथून होते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट तापमानच. ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी खाली आणलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे सतत दहा अंश जास्त तापवला तर निम्म्यावर येतं. एचडीएमआय आणि डिजिटल बोर्डवरच्या मोठ्या चिपांचंही तेच. त्यांच्या पोटाखाली सोल्डरचे बारीक मणी असतात. रोज तापून रोज थंड होत राहिलं की त्यांना तडे जातात. मग थंड असताना रिसीव्हर चालतो आणि तापल्यावर आवाज जातो.

मॅन्युअलमध्ये वर आणि बाजूंना किती मोकळी जागा हवी ते दिलेलं असतं. सापडत नसेल तर वर निदान वीतभर जागा ठेवा, वर काहीही ठेवू नका, काचेचं दार चालू असताना उघडं ठेवा. युनिटची मागची फळी कापणं शक्य असेल तर कापा. यूएसबीवर चालणारा १२० मिलिमीटरचा पंखा रिसीव्हरच्या जाळीवर हवा वर ओढून घेईल असा ठेवला की फरक हाताला कळतो. पंखा टीव्हीच्या यूएसबीला जोडला तर टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरांत कामी आलेला.

दिवाळीच्या साफसफाईत जाळीवरची धूळ काढतो तशी आतली निघत नाही. शिवाय स्टँडबायवर असलेल्या रिसीव्हरची ऊब झुरळांना आवडते. ती आत घर करतात, त्यांची घाण सर्किटवर पडते, पालही शिरते. बाहेरून हलकी हवा मारा, जवळपास झुरळांचं जेल लावा. स्प्रे मात्र जाळीतून आत मारू नका.

वीज

आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा. तो थोडा वर-खाली होतो, ते चांगला रिसीव्हर सहन करतो. सहन करत नाही ती न्यूट्रल सुटण्याची गोष्ट. इमारतीला थ्री फेज येते, ती फ्लॅटांत वाटली जाते, आणि मीटर रूममधली न्यूट्रलची जोडणी सैल झाली की काही घरांत दिवे मंद होतात तर काही घरांत व्होल्टेज ३०० च्या वर, ४०० च्या जवळही जाऊ शकतं. एकाच संध्याकाळी तुमचा रिसीव्हर, शेजाऱ्यांचा फ्रिज आणि खालच्या मजल्यावरचा राउटर गेला असेल तर रिसीव्हरच्या कंपनीला बोल लावण्याआधी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला मीटर रूममध्ये न्या. सचिवांना लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून हे काम पुढे सरकत नाही. घरातले दिवे अधूनमधून एकदम प्रखर होत असतील तर ती धोक्याची खूण आहे, त्यात उशीर नको.

यावर उपाय म्हणून घरच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) ओव्हर-व्होल्टेज आणि अंडर-व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवून घ्या. साधी स्पाइक गार्डची पट्टी क्षणिक झटका झेलते, पण सतत चढलेलं व्होल्टेज थांबवत नाही. तिच्यातला झटका शोषणारा भागही प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक झिजतो, म्हणून दर काही वर्षांनी ती बदलावी लागते.

लाइट जाऊन येते तो क्षण वाईट. देखभालीसाठी शटडाउन असेल त्या दिवशी प्लग काढूनच ठेवा. परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा नुसता पॉवरचा प्लग काढून भागत नाही. केबलवाल्याची किंवा डिशची कोॲक्सियल वायर सेट टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयमार्गे झटका थेट रिसीव्हरच्या बोर्डात शिरतो. ती वायरही काढा. फक्त एकच एचडीएमआय इनपुट मेलं असेल, आणि ते नेमकं सेट टॉप बॉक्सचं असेल, तर वाट हीच होती असं समजायला हरकत नाही.

स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर हीच कोॲक्सियल वायर काढून बघा. घूं थांबली तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्याने येणारा आवाज, केबलवाल्याला सांगून वायरीत आयसोलेटर बसवून घ्या. घूं थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, कुणी सुचवलं तरी.

इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवत असाल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. अमेरिकेतून आणलेल्या रिसीव्हरबद्दलही विचारतात लोक. तो १२० व्होल्टचा, तिथली वीज ६० हर्ट्‌झची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, पण वारंवारता आपली ५० हर्ट्‌झच राहते, आणि ६० साठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापू शकतो. शिवाय इथे त्याला वॉरंटी मिळत नाही. भाचा प्रेमाने घेऊन येतो हे खरं, तरी मी नको म्हणून सांगतो.

खाडीची हवा

हा भाग इंटरनेटवरच्या परदेशी सल्ल्यांत सहसा नसतो, आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा आहे. नेरुळ, सीवूड्स, ऐरोली, कोपरखैरणे, तिकडे कळवा, कोलशेत, ही सगळी खाडीच्या कडेची वस्ती. भरती-ओहोटीच्या चिखलातून आणि उघड्या नाल्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. ओहोटीला जो सडका वास येतो तो त्याचाच. हा वायू तांब्याला आणि चांदीला काळं करतो. देवघरातली चांदीची समई लवकर काळी पडत असेल तर रिसीव्हरच्या रिलेतल्या चांदीच्या संपर्कांवरही तोच थर बसतोय.

त्याचं लक्षण ओळखू येतं. हळू आवाजात एक बाजू गायब होते किंवा चरचरते, आवाज एकदम वाढवला की परत येते. खात्री करायला डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरपाशी अदलाबदल करा. मुका झालेला स्पीकर तोच राहिला तर स्पीकर किंवा वायर. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर रिसीव्हर, आणि बहुधा रिले. रिले हा स्वस्त पार्ट आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्याच नंबरचा मिळतो आणि अनुभवी कारागीर तासाभरात बदलतो. यासाठी पूर्ण ॲम्प्लिफायर बोर्डाचं कोटेशन कुणी दिलं तर दुसरीकडे दाखवा.

पावसाळ्यात रिसीव्हर महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवला की आतला ओलावा उडतो. खोलीत एसी लावून खिडक्या बंद ठेवल्या तर उत्तमच. मागची न वापरलेली सॉकेट झाकून ठेवा.

आवाज येतो-जातो, चित्र काळं पडतं

इथे यंत्र बिघडलेलं नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एचडीएमआयने जोडलेली उपकरणं दर वेळी एकमेकांची ओळख पटवून घेतात, कॉपी-संरक्षणाची किल्ली तपासतात, मगच चित्र आणि आवाज सोडतात. ही ओळखपरेड मध्येच फसली की दोन सेकंद काळोख, किंवा चित्र आहे आणि आवाज नाही.

सगळ्यांचे प्लग काढा. पाच मिनिटांनी आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग सेट टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक या क्रमाने चालू करा. चाललं तर दोष ओळखपरेडीचा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी शोधा. एकाच रिमोटने सगळं चालवायची ही सोय, पण प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सीईसी बंद करून काही दिवस वापरून बघा. रिसीव्हर आपोआप बंद होणं, स्वतःहून इनपुट बदलणं, अशी भुताटकी वाटणारी लक्षणं अनेकदा तिथेच थांबतात. मात्र टीव्हीच्या ॲपचा आवाज रिटर्न चॅनेलने (आर्क किंवा ईआर्क, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीतून उलटा) रिसीव्हरकडे जात असेल तर बऱ्याच टीव्हींत सीईसी चालू ठेवावंच लागतं. तेव्हा बाकीच्या उपकरणांवरचं सीईसी बंद करा.

मग केबल. ४के एचडीआर चित्राला १८ गिगाबिट वेगाची प्रमाणित केबल पुरते. ४के १२० हर्ट्‌झच्या गेमिंगला ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड केबल लागते. भिंतीतून नेलेली जुनी लांब केबल असेल तर आधी एक छोटी नवी केबल जमिनीवरून टाकून तपासा, भिंत फोडायची घाई नको. टीव्हीतल्या त्या पोर्टचा एन्हान्स्ड सिग्नल पर्याय बंद करून ब्लॅकआउट थांबला तर केबलवरच संशय धरा. आणि २०२० च्या सुमाराचा, नुकतंच एचडीएमआय २.१ आलेल्या पिढीतला रिसीव्हर असेल तर हे लक्षात ठेवा: त्या वेळच्या काही मॉडेलांच्या चिपमध्येच दोष होता आणि नव्या गेमिंग कन्सोलचं ४के १२० हर्ट्‌झ चित्र काळं पडायचं. तिथे केबल बदलून उपयोग नाही. कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कने रिसीव्हरला परत आणा.

आता शेवटची परीक्षा. एचडीएमआयमधून कुठल्याच उपकरणाचा आवाज येत नाही, केबल बदलल्या, फॅक्टरी रीसेट झालं, फर्मवेअर नवं टाकलं. रिसीव्हरचा स्वतःचा एफएम रेडिओ लावा किंवा लाल-पांढऱ्या ॲनालॉग सॉकेटमधून काही वाजवा. ते सगळ्या स्पीकरांतून छान वाजत असेल तर ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे आणि एचडीएमआय बोर्ड गेला आहे. काहीच वाजत नसेल तर बिघाड त्याच्या पुढच्या टप्प्यात, डीएसपीत (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये) किंवा पॉवरमध्ये. जे निघेल ते सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर (दुरुस्तीला दिल्याच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या, म्हणजे तपासणीच्या नावाखाली आठवडे जात नाहीत.

थंड असताना चालूच होत नाही, प्लग लावून बराच वेळ ठेवल्यावर मात्र होतो, हे स्टँडबाय पॉवर सप्लायमधल्या वाळलेल्या कपॅसिटरचं लक्षण. पार्ट काही रुपयांचा असतो. पण झाकण स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

दुरुस्तीला देताना

बिघाडाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात पुढचा डिस्प्ले आणि दिवा कसा लुकलुकतो ते स्पष्ट येऊ द्या. लुकलुकण्याच्या ठेक्यावरून काही मॉडेलांत बिघाडाचा प्रकार ओळखता येतो. जॉबशीटवर 'नो साउंड' एवढंच लिहू देऊ नका, वहीतल्या नोंदींची झेरॉक्स जोडा. बोर्ड बदलला तर जुना बोर्ड परत मागा, आणि बदललेल्या पार्टवर किती महिन्यांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटी संपलेली असेल आणि बोर्डाची किंमत नव्या रिसीव्हरच्या निम्म्यावर जात असेल, तर मी दुरुस्तीच्या बाजूने नाही, कारण मूळ कारण तसंच राहिलं तर तो बोर्डही जातो. ॲम्प्लिफायर शाबूत असेल आणि फक्त एचडीएमआय गेलं असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवर तो रिसीव्हर अजून कितीतरी वर्षं ५.१ आवाज देईल. ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) तेवढं जाईल.

वॉरंटीत असूनही तोच बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल तर गप्प बसू नका. प्रत्येक वेळी जॉबशीट घ्या, तारखा जपा, कंपनीला ईमेलवर लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, बऱ्याच तक्रारी तिथेच सुटतात. नाहीच सुटली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. ती ऑनलाइनही दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. जॉबशीटांचा गठ्ठा, ईमेल आणि ती वही, तिथे हाच पुरावा लागतो.